सोंगाचे इमान

जव्हारजवळ शिरपामाळ नावाचा माळ आहे. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशाह त्यांच्या भेटीला आले आणि त्या भेटीत मानाचा शिरपेच महाराजांच्या मस्तकी चढला, म्हणून हा शिरपामाळ, अशी हकिकत जव्हारात सांगितली जाते. माळावर स्मारक आहे. सहलीला येणारे तिथे घटकाभर थांबतात. शिरपेच मात्र पाहायला मिळत नाही. तो सोन्याचा होता की जरीचा, त्यात मोती होते की नुसता तुरा होता, हे आज कोणाला सांगता येणार नाही. उद्या एखाद्या हौशी माणसाने तो पुन्हा घडवायला घेतला, तर सोनार कशाकडे पाहून घडवील? कॅलेंडरावरच्या चित्राकडे, नाही तर सिनेमातल्या नटाच्या डोक्याकडे. म्हणजे नक्कल होईल ती शिरपेचाची नव्हे, आपल्या आठवणीतल्या शिरपेचाची. आणि आठवण फार निवडक असते. आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले आणि विक्रमशाहांना मुलूख सोडावा लागला. माळावरच्या भेटीची गोष्ट रंगवून सांगताना हा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही.

विक्रमशाह या नावापाशीही थोडे थांबायला हवे. जव्हारचे मुकणे राजघराणे महादेव कोळ्यांचे. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने त्या घराण्यातल्या राजाला मान्यता दिली, ‘शाह’ हा किताब आला, आणि त्या वर्षापासून संस्थानाच्या कागदपत्रांत स्वतंत्र शक मोजला जाऊ लागला. पुढे संस्थान विलीन होईपर्यंत हा किताब नावाला जोडलेलाच राहिला. कोळी राजाच्या नावातला फारसी शब्द जव्हारच्या रयतेला कधी उसना वाटल्याचे ऐकिवात नाही. नावावरून असल आणि नक्कल ठरवायची घाई ज्यांना असते, त्यांनी एकदा जव्हारला जाऊन यावे.

आम्हाला इथे बोलायचे आहे ते नक्कल करण्याच्या नैतिकतेविषयी. जुनी वस्तू नव्याने घडवताना इमान राखायचे ते नेमके कशाशी? वस्तूच्या रूपाशी, तिच्या आठवणीशी, की ती ज्या कामासाठी होती त्या कामाशी? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात तो दरवर्षी उन्हाळ्यात उभा राहतो, आणि तिथे त्याचे उत्तर नाचून दिले जाते.

या दोन तालुक्यांत होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. काही ठिकाणी त्याला भोवाडा म्हणतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर अशा जमातींची ही वस्ती. रात्री संबळ आणि पिपाणी वाजू लागते, मशाली पेटतात आणि दोन बाजूंना दाटलेल्या माणसांमधल्या वाटेवरून एकामागून एक सोंगे नाचत येतात. गणपती येतो, शारदा येते, नरसिंह येतो, रावण येतो. शेवटी जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध होते. कोणते सोंग कोणी घ्यायचे याचे गावोगावचे नियम आहेत. कित्येक ठिकाणी हा मान घराण्यात चालत आलेला असतो. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, तिचा ठेका वेगळा. नाचणाऱ्याच्या तोंडावर लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा रंगवलेला मुखवटा असतो. तो डोक्याला फडक्याने घट्ट बांधलेला असतो आणि त्याच्या ओझ्याखाली रात्रभर पाय उचलायचे असतात. सोंग म्हणजे खोटेपणा, हा अर्थ शहरातल्या मराठीने लावलेला. डोंगरात सोंग म्हणजे जबाबदारी.

आता या मुखवट्यांचे काय होते पाहा. रंग उडाला की नवा रंग चढतो. कान तुटला की नवा कान लागतो. वाळवीने आतून खाल्ला की नवा मुखवटा घडवला जातो, आणि तो जुन्यासारखा असतोही, नसतोही. पूर्वी लाकूड होते, मग लगदा आला. पूर्वी मातीचे आणि झाडपाल्याचे रंग होते, आता डब्यातला चकचकीत ऑइल पेंट आला. रावण तोच राहिला. ज्याच्या घराण्याकडे रावणाचे सोंग आहे त्याला कोणी विचारत नाही की हा रावण असल का नक्कल. ठेका चुकला तर मात्र म्हातारी माणसे लगेच ओरडतात. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या तर ते जहाज तेच का, यावर ग्रीकांनी पुष्कळ डोके खपवले. आम्हाला नेहमी वाटत आले आहे की तो वाद किनाऱ्यावर उभे असलेल्यांचा होता. जहाजात बसणाऱ्याला एवढेच विचारायचे असते की पाणी आत येते का.

पण याच मुखवट्यांना दुसरे गिऱ्हाईक भेटले. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत, हॉटेलांच्या भिंतींवर आदिवासी मुखवटा शोभून दिसू लागला. जव्हारचे कारागीर आता विक्रीसाठीही मुखवटे घडवतात, आणि त्यात काही वाईट नाही. ज्या तालुक्यांतून पाऊस संपताच माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात, तिथे घरी बसून दोन पैसे मिळत असतील तर त्यावर नाके मुरडण्याचा अधिकार आम्हा पोटभरल्यांना नाही. गंमत आहे ती या नव्या गिऱ्हाइकाच्या मागणीत. त्याला चकचकीत ऑइल पेंट चालत नाही. त्याला मुखवटा ‘अस्सल’ हवा असतो, म्हणजे जुना, मळकट, धुराने काळवंडलेला. गावाला जे नवे हवे असते ते याला बनावट वाटते, आणि गाव जे टाकून देते ते याला खरे वाटते. नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून तिला धुरी देण्याची, माती फासण्याची युक्ती पुराणवस्तूंच्या बाजाराला ठाऊक नाही असे थोडेच आहे? इमानाची मागणी अशा रीतीने थेट बेइमानीला जन्म देते.

हा वाद आदिवासी मुखवट्यांपुरता आहे असे कोणी समजू नये. ज्या घरांत असे मुखवटे टांगलेले असतात, त्याच घरांत पुष्कळदा काचेच्या कपाटात रोबो उभे असतात. होय, खेळण्यातले रोबो. जमवणारा चाळिशी ओलांडलेला असतो. ट्रकचा रोबो होतो, मोटारीचा रोबो होतो, ही खेळणी अनेक वाचकांच्या मुलांनी नातवंडांनी हट्ट करून घ्यायला लावली असतील. बहुधा त्यांची क्रॉफर्ड मार्केटमधली स्वस्त नक्कल घेऊन दिली गेली असेल, आणि पोरांना त्याने काही फरक पडला नसेल. मोठ्यांना फरक पडतो. जुन्या रोबोची नवी आवृत्ती निघाली की या शौकिनांत घनघोर चर्चा होते. खांदा जरा रुंद झाला, डोक्याचा निळा रंग जरा फिका पडला, छातीवरच्या काचा खऱ्या ट्रकच्या नाहीत. आम्ही आधी हसत होतो. नंतर लक्ष देऊन ऐकले तेव्हा ध्यानात आले की हे लोक आपल्या परीने फार मोठा प्रश्न सोडवत आहेत.

हकिकत अशी. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने जपानच्या ताकारा कंपनीची आधीच बाजारात असलेली खेळणी घेतली, त्यांना नवी नावे दिली, त्यांच्याभोवती एक गोष्ट रचली आणि त्यांना ट्रान्सफॉर्मर्स म्हटले. त्यांचा नायक ऑप्टिमस प्राइम हा जपानमध्ये आदल्याच वर्षी वेगळ्या नावाने, वेगळ्या मालिकेत विकला गेला होता. तिथे तो कोणाचा नायक नव्हता, आत माणूस बसून चालवतो असे एक यंत्र होता. म्हणजे जी मूळ आवृत्ती म्हणून शौकीन छातीशी धरतात, तीच मुळात दुसऱ्या वस्तूवर नवे नाव चिकटवलेली. मग त्याच वर्षी कार्टून आले. कार्टून काढणाऱ्यांनी खेळण्याचे सगळे खिळे-सांधे काढायचे म्हटले असते तर हात मोडले असते, म्हणून त्यांनी अंग गुळगुळीत केले. खेळण्याच्या मुठी वेगळ्या बसवाव्या लागत, कार्टूनमध्ये त्या आपोआप आल्या. खेळण्याच्या ट्रकला मागे भलामोठा ट्रेलर, कार्टूनमध्ये ट्रकचा रोबो झाला की ट्रेलर कुठे गडप होतो हे एक कोडेच.

मुले वाढली आणि त्यांच्या मनात दोन ऑप्टिमस राहिले, एक हातातला, एक पडद्यावरचा. २००३ पासून ताकाराने मोठ्या माणसांसाठी महागड्या, काटेकोर आवृत्त्या काढायला सुरुवात केली. २०११ मध्ये दुसरी घडण आली, २०१९ मध्ये आणखी एक आली आणि ती जवळजवळ कार्टूनसारखीच होती. आता भांडण जुंपले. एक पक्ष म्हणतो, खेळण्याशी इमान राखा, आम्ही हातात धरले ते खरे. दुसरा म्हणतो, कार्टूनशी राखा, आम्ही ज्याच्यावर जीव लावला तो हा. मधल्यामधे कायदा आणि बाजार आपापल्या कैच्या चालवून जातात. २००२ मध्ये मूळ घडणीचेच खेळणे अमेरिकेत पुन्हा विकायला काढले तेव्हा मुलांना इजा होऊ नये म्हणून ट्रकची धुराडी आखूड केली. खलनायक मेगाट्रॉन १९८४ मध्ये पिस्तुलाचा रोबो होता. खऱ्यासारखे दिसणारे पिस्तूल मुलांच्या हाती देणे नंतर अवघड झाले आणि पुढच्या कित्येक आवृत्त्यांत तो रणगाडा झाला. बम्बलबी फोक्सवॅगनची बीटल होता, २००७ च्या सिनेमात तो कॅमॅरो झाला, २०१८ च्या सिनेमात परत बीटल झाला, आणि जुन्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आले.

त्या पाण्याला आम्ही खोटे म्हणणार नाही. आपले बालपण कोणी विकत घेतले, त्याच्या धुराड्या कापल्या आणि चौपट किमतीला परत विकले, तर माणूस चिडणारच. पण त्यांच्या भांडणातून एक गोष्ट नकळत सिद्ध होते. हुबेहूब हा शब्द अर्धवट आहे. हुबेहूब कशासारखे, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

खेळण्यांचा विषय निघालाच आहे तर हदीसमधली एक हकिकत आठवणे भाग आहे. ती अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. हजरत आयेशा (र.) यांच्या खेळण्यांत बाहुल्या होत्या आणि त्यांत चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. पैगंबर (स.) यांनी विचारले, हे काय? घोडा आहे, असे उत्तर मिळाले. घोड्याला पंख कसे, असे विचारल्यावर आयेशा म्हणाल्या की सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का? यावर पैगंबर (स.) मनमुराद हसले, दाढा दिसेपर्यंत हसले. आमच्या रोबोवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर तो घोडा तबेल्यातल्या घोड्याशी इमानदार नव्हता, गोष्टीतल्या घोड्याशी होता. चित्र-मूर्तीच्या हलाल-हरामाविषयी बोलताना ही हकिकत आपले वाइज क्वचितच सांगतात. ज्यांना जगातल्या प्रत्येक वस्तूच्या नकलेत गुन्हा दिसतो त्यांनी त्या हसण्याकडे एकदा पाहावे. खेळण्याला गोष्टीशी इमान राखण्याची मुभा त्या हसण्याने दिली.

खेळणे जेव्हा लहान मुलांचे न राहता दरबाराचे होते, तेव्हा मामला अधिक गुंतागुंतीचा होतो. आपल्या महाराष्ट्रात त्याचे उत्तम उदाहरण सावंतवाडीची गंजिफा. गोल पत्त्यांचा हा खेळ मोगलांबरोबर इराणी मुलखातून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधला शाह हसन याच्याकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराने त्यात फेरफार केले, ते अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत लिहून ठेवले. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजिफात आठ रंग आणि ९६ पत्ते: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. मराठी मुलखात याच गंजिफाला चंगकांचनी म्हणू लागले. मग कोणाला तरी वाटले की ताज आणि शमशेर यांच्या जागी विष्णूचे अवतार घालावेत. आठाचे दहा रंग झाले, पत्ते १२० झाले, आणि दशावतारी गंजिफा जन्मली.

मूळाशी बेइमानी झाली का? चित्रे पाहिली तर पुरतीच झाली. राजाच्या जागी राम बसला, ताजाच्या जागी मत्स्य आला. पण खेळायला बसा. मोगल गंजिफात अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ आणि अर्ध्यांत एक्का, हा उलटसुलट क्रम दशावतारीतही जसाच्या तसा आहे, पाच इकडे, पाच तिकडे. मोगल डावाची सुरुवात दिवसा सुर्खने होते आणि रात्री सफेदने, म्हणजे दिवसा सूर्याची, रात्री चंद्राची पाळी. दशावतारीत दिवसा राम उघडतो, रात्री कृष्ण. चित्रे सगळी बदलली, पण सूर्य आणि चंद्र यांची पाळी कोणी मोडली नाही. ज्याने हे केले त्या अनाम चिताऱ्याला, नाही तर खेळाडूला, आम्ही मनोमन सलाम करतो. काय बदलायचे आणि काय नाही हे त्याला कळले होते.

विसाव्या शतकात खेळणारे संपत आले. सावंतवाडीत पत्ते रंगवणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली, म्हाताऱ्या चिताऱ्यांकडून नव्या मुलांना शिकवले. त्यांनी ते केले नसते तर आज पत्ते संग्रहालयांत आणि पुस्तकांतच पाहावे लागले असते, हे निर्विवाद. लाखकामाच्या पेटीतली ती सुंदर गंजिफा आजही विकत मिळते. घेणाऱ्यांपैकी किती जण डाव मांडतात? आता चित्र पुरते इमानदार आहे आणि रात्री कृष्ण उघडतो की राम, हे बहुतेकांना ठाऊकच नाही. संग्राहकाचे ऋण असे दुहेरी असते. चाल थांबली तेव्हा रूप त्याने वाचवले, आणि रूप वाचले म्हणून चाल वाचली अशी आपली समजूतही त्यानेच करून दिली.

इथवर वाचणाऱ्याच्या मनात येईल, की खेळ आणि सोंगे यांच्यापुरते हे ठीक आहे. पवित्र गोष्टींत असली ढिलाई चालेल का? आम्हालाही हाच प्रश्न पडला, आणि त्याचे उत्तर शोधताना आम्ही ज्या ठिकाणी पोचलो त्याहून पवित्र ठिकाण मुसलमानाला नाही.

काबा अनेकदा बांधला गेला आहे. पैगंबरीच्या आधी, हजरत मुहम्मद (स.) सुमारे पस्तीस वर्षांचे असताना, कुरैशांनी तो पाडून नव्याने बांधला. हजरे अस्वद जागी कोणी ठेवायचा यावरून तलवारी निघायच्या बेतात होत्या आणि चादरीच्या चार कोपऱ्यांनी ते भांडण मिटले, ही कथा आपल्याला लहानपणापासून पाठ असते. त्याच बांधकामातली दुसरी गोष्ट तितकी सांगितली जात नाही. बांधकामासाठी कुरैशांनी फक्त हलाल कमाई घ्यायची ठरवले होते आणि ती पुरली नाही. म्हणून इब्राहीम (अ.) यांच्या पायावरचा एक भाग भिंतीबाहेर सोडावा लागला. तोच हतीम. हजरत आयेशांनी सांगितलेली हदीस अशी, की त्यांची कौम नुकतीच जाहिलियतमधून बाहेर आलेली नसती तर पैगंबर (स.) यांनी काबा इब्राहीमच्या पायावर, दोन दारांचा बांधला असता. म्हणजे मूळ नकाशा ठाऊक होता, अधिकार हातात होता, आणि तरीही माणसांची मने सांभाळण्यासाठी तो बाजूला ठेवला गेला.

पुढे अब्दुल्ला इब्न जुबैर यांनी, वेढ्यात काबा जळाल्यावर, ६८३ नंतर तो त्या हदीसप्रमाणे बांधला. हतीम आत आला, दारे दोन झाली. त्यांचा पाडाव झाल्यावर ६९३ मध्ये हज्जाजने खलिफा अब्दुल मलिकच्या हुकमाने ते बांधकाम मोडून काबा परत कुरैशांच्या मापाचा केला. दोघांनीही इमानाचाच दावा केला होता, एकाने इब्राहीमशी, दुसऱ्याने पैगंबरांनी डोळ्यांनी पाहिलेल्या वास्तूशी. आमच्या रोबोवाल्यांचे दोन पक्ष आठवतात की नाही? तुलना हलकी वाटली तर वाचकांनी माफ करावे, पण माणसाच्या मनाची घडण लहान वस्तूपाशी एक आणि मोठ्या वस्तूपाशी दुसरी अशी नसते.

नंतर एका अब्बासी खलिफाच्या मनात आले की इब्न जुबैर यांची रचना परत आणावी. कोणी म्हणतात हा हारून रशीद, कोणी त्याचा बाप महदी. त्याने इमाम मालिक यांना विचारले. इमामांनी विनवले की असे करू नका. प्रत्येक राजा येईल, आपल्या मताने पाडील आणि बांधील, आणि अल्लाहचे घर हे राजांच्या हातचे खेळणे होऊन बसेल. अरबीत त्यांच्या तोंडी जो शब्द येतो त्याचा अर्थ खेळणे असाच आहे. खलिफा थांबला. १६३० च्या सुमारास पुराने भिंती कोसळल्या तेव्हा सुलतान मुरादने केलेले बांधकामही त्याच मापाचे झाले, आणि आज आपण ज्याच्याकडे तोंड करून नमाज पढतो ती वास्तू मुख्यतः तीच.

इमाम मालिक यांनी अचूक असण्यापेक्षा न मोडण्याला अधिक मोल दिले, हे एक. पण त्याहून मोठी गोष्ट तवाफ करणाऱ्याच्या पायांत आहे. हतीम भिंतीबाहेर आहे. त्याला अर्धवर्तुळाकार बुटकी भिंत आहे. तवाफ करणारा मात्र हतीमच्या आतून जात नाही, तो बाहेरून वळसा घालतो. आतून गेला तर तवाफ होत नाही. भिंत कुरैशांच्या मापाची राहिली आणि पाऊल इब्राहीमच्या पायावरून फिरते. दगडाने जे इमान राखले नाही ते चालीने राखले. आम्ही पुष्कळ तत्त्वज्ञांची पुस्तके चाळली, पण अनुकृती आणि मूळ यांच्या नात्यावर याहून नेमके भाष्य आम्हाला सापडले नाही. बोहाड्यातला म्हातारा रंगावर बोलत नाही आणि ठेक्यावर ओरडतो, गंजिफाचा चितारी ताज पुसतो आणि दिवसरात्रीची पाळी ठेवतो. त्यांचा आणि तवाफ करणाऱ्याचा धर्म निराळा, पण समज एकाच जातीची आहे.

हे सगळे आम्ही एवढ्या तपशिलाने का लिहीत आहोत, हे या वार्षिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आपण मराठी मुसलमान स्वतःच एक वादग्रस्त आवृत्ती आहोत. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता!’ हे कौतुक आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. त्याच्या मनात सिनेमातला मुसलमान असतो, शेरवानीतला, ‘अम्मीजान’ म्हणणारा, सुरमा घातलेला. तो आपले कार्टून. त्याच्याशी आपण जुळत नाही म्हणून आपण नक्कल ठरतो. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत योगसंग्राम लिहिला, १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तरी हे कौतुक काही थांबत नाही.

दुसरा संग्राहक घरातला आहे. तो म्हणतो, तुमच्या कोकणी लग्नातली बायकांची गाणी असल नाहीत, हळद असल नाही, उरूस असल नाही, आईला ‘आई’ म्हणणे असल नाही. त्याला सातव्या शतकातला, धूळ न लागलेला मुसलमान हवा आहे. त्याची तळमळ आम्ही खोटी मानत नाही. दीनाला पाया आहे, आणि पायाला हात लावता येत नाही. तौहीदच्या बाबतीत आपल्याकडे तडजोड नाही. उरुसात अल्लाहकडे मागायचे ते कबरीकडे मागितले जात असेल तर त्याला कोणी टोकले पाहिजे, हे आम्हीही म्हणू. पण लग्नघरात म्हाताऱ्या बायकांनी कोकणीत गायलेले गाणे हा पाया नव्हे. ती भिंत आहे, आपल्या हलाल कमाईत जेवढी बसली तेवढी आपण बांधली. ती पाडून अरबस्तानच्या मापाची बांधली म्हणून आपला तवाफ अधिक खरा होणार नाही. आणि एकदा पाडापाडी सुरू झाली की प्रत्येक नवा वाइज, प्रत्येक नवा पुढारी आपापला गज घेऊन येईल. इमाम मालिक यांना जी भीती वाटली ती फक्त राजांविषयी होती असे समजण्याचे कारण नाही.

भिंत कोणती आणि पाया कोणता, हे मात्र दरवेळी इतके सोपे नसते, हे मान्य. त्यावर भांडणे होणार. ती व्हावीतही. भांडणाऱ्याला एकच विचारावे असे आम्हाला वाटते: तू नाचणारा आहेस की पाहणारा? मुखवट्याचे ओझे ज्याच्या मानेवर आहे त्याला रंग बदलण्याचा अधिकार आहे, कारण ठेका चुकला तर त्याचीच फजिती होणार आहे. कपाटातल्या रोबोची धुराडी मोजणाऱ्याला, गंजिफाची पेटी काचेत ठेवणाऱ्याला, दुसऱ्याच्या दीनाची आणि भाषेची अस्सलता तपासणाऱ्याला मत असू शकते. त्याचे मत उपयोगीही पडते, सावंतवाडीत पडले. पण तो निकाल नव्हे.

जव्हारच्या मुखवट्यांपुरते बोलायचे तर एका लहानशा गोष्टीकडे आमचे लक्ष लागून राहिले आहे. नाचायच्या मुखवट्याला आतल्या माणसाला दिसावे म्हणून भोके ठेवावी लागतात. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायच्या मुखवट्यामागे माणूस नसतो, भिंत असते. तिथे भोके पाडणे म्हणजे कारागिराच्या दृष्टीने वाया गेलेली मेहनत, आणि मधून पांढरी भिंत दिसते म्हणून गिऱ्हाइकालाही ती नकोशी वाटू शकतात. बुबुळे रंगवून टाकली की काम लवकर होते आणि मुखवटा अधिक देखणा दिसतो. यापुढे कोणी ओळखीचा जव्हारहून मुखवटा घेऊन आला, तर आम्ही त्याचा रंग जुना आहे की नवा हे विचारणार नाही. तो हातात घेऊन, उजेडाकडे धरून, आतल्या बाजूने पाहणार आहोत.